पर्वतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: पुण्याच्या टेहळणीच्या टेकडीचा इतिहास

आमचं घर दांडेकर पुलाजवळ. त्यामुळे बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला पर्वतीवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडतं. शाळेत होतो तेव्हापासून हेच चाललंय. पाहुणे बदलतात, प्रश्न तेच राहतात. आता उत्तरं पाठ झाली आहेत, तेव्हा म्हटलं एकदाची लिहूनच काढावीत.

पुण्यात वर चढून सगळं शहर बघता येईल असा मनोरा नाही का?

मनोरे आहेत, पण ते खालून बघायचे. महात्मा फुले मंडईची मुख्य इमारत १८८६ची. अष्टकोनी आहे आणि मधोमध मनोरा आहे. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ती बांधली गेली, आणि ज्या जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत असताना या खर्चाला विरोध केला होता, त्यांचंच नाव पुढे तिला मिळालं. पुणेरी न्याय असा असतो. शिवाजीनगरला हवामान खात्याची इमारत आहे. १९२८मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं, म्हणून आजही रिक्षावाला तिला ‘सिमला ऑफिस’च म्हणतो. तिथेही मनोरा आहे, पण तुम्हाआम्हाला वर कोण सोडणार?

पुणेकरांचा चढायचा मनोरा म्हणजे पर्वती. तो बांधावा लागला नाही, आयता मिळाला. पेशव्यांनी त्याला पायऱ्या केल्या आणि माथ्यावर देव बसवले.

उंची किती? पायऱ्या किती?

समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० फूट, म्हणजे ६४० मीटर. पुणं स्वतःच ५६० मीटरवर आहे, तेव्हा प्रत्यक्ष चढण साधारण ८० मीटरची. आकडा किरकोळ वाटतो, पण अर्ध्यावर पोचेपर्यंतच वाटतो.

पायऱ्या १०३. हा आकडा सगळीकडे छापलेला असतो, तरी मुलांना मोजायला लावलं की कुणाच्या ९७ भरतात, कुणाच्या ११०. कारण सोपं आहे. या घरातल्या जिन्यासारख्या पायऱ्या नाहीत. काळ्या दगडाच्या ठेंगण्या कडा आणि दोन कडांमध्ये लांबरुंद उतरती फरसबंदी. एका पायरीवर दोन-तीन पावलं पडतात आणि मोजणारा तिथेच चुकतो. हत्ती चढावेत म्हणून अशी बांधणी केली असं सांगतात. हत्तीचं मला माहीत नाही, पण गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला ही बांधणी मानवते. नऊवारीतल्या आजीबाई तीन ठिकाणी बसून का होईना, वर पोचतातच.

देऊळ कुणी बांधलं, कधी, आणि का?

बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी. मुख्य देऊळ देवदेवेश्वराचं, १७४९ सालचं. कथा अशी की नानासाहेबांच्या मातोश्री काशीबाईंच्या पायाला व्याधी होती. या टेकडीवरच्या पर्वताई देवीला नवस बोलल्यावर ती बरी झाली, आणि नवस फेडायला मुलानं देऊळ उभारलं. पायाच्या दुखण्यासाठी पायऱ्यांचा नवस! पण नवसाला हिशेब लागत नाही.

याचा अर्थ देवी आधीची आणि पेशवे नंतरचे. टेकडीला नावही तिच्यामुळेच मिळालं.

नवस खरा असला तरी जागा हेरायला धोरण लागतं. शनिवारवाड्यातून दक्षिणेला पाहिलं की पहिली टेकडी हीच, आणि हिच्यावरून वाडाही दिसे. कात्रजच्या घाटातून किंवा सिंहगडाच्या वाटेनं कुणी आलं तरी ते इथून आधी नजरेत येई. नानासाहेबांना शहर वाढवायचं होतं. कात्रजला तलाव बांधून त्यांनी जमिनीखालच्या नळानं शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, पेठांत हौद झाले. हे सगळं बसतंय कसं, ते बघायला वरून एक जागा हवीच होती.

वर नेमकं काय काय आहे?

देवदेवेश्वर मधोमध, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, देवी आणि गणपती. म्हणजे पंचायतन. मूळ मूर्ती अशा होत्या: चांदीचा शंकर, आणि त्याच्या मांडीवर सोन्याची पार्वती व सोन्याचा गणपती. त्या चोरीला गेल्या. आताच्या नंतरच्या आहेत. शिवाय कार्तिकस्वामी, विष्णू, विठ्ठल-रुक्मिणी आणि राम यांची वेगळी देवळं आहेत. नानासाहेबांचं स्मारक आहे आणि पेशवे संग्रहालय आहे. संग्रहालयात नाणी, भांडी, शस्त्रं, चित्रं असा ऐवज आहे. घाईत असाल तर संग्रहालय पुढच्या खेपेला ठेवा. उजेड आहे तोवर तटाशी जा.

पायथ्याशी तळं होतं म्हणतात. कुठे गेलं?

त्याच तळ्यात तुम्ही भेळ खाता. सारसबाग म्हणजे त्या तळ्याचा तळ.

नानासाहेबांनी आंबील ओढ्याला बांध घालून पर्वतीखाली मोठं तळं केलं. क्षेत्र सुमारे २५ एकर. मध्ये एक बेट राखलं, त्यावर बाग केली, तीच सारसबाग. पुढे १७८४मध्ये सवाई माधवरावांनी बेटावर गणपतीचं देऊळ बांधलं. म्हणून तो ‘तळ्यातला गणपती’. तळं आटवून जमीन झाली त्याला आता बरीच वर्षं लोटली. गणपतीभोवती राहिलंय ते डबकंवजा कमळांचं पाणी. तरी माझी आई आजही ‘सारसबागेत’ म्हणत नाही, ‘तळ्यातल्या गणपतीला जाऊन येते’ म्हणते. पाणी गेलं तरी घराघरांत शब्द राहिला.

या तळ्यात नाव घालून पेशवे मसलती करत आणि वल्हवायला मराठी न समजणारी माणसं ठेवत, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, गोष्ट म्हणूनच ऐकावी.

पायथ्याशीच रमणा, म्हणजे मोकळं आवार होतं. तिथे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि लांबलांबून माणसं येत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो पैसा अगदी बंद केला नाही. १८२१मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिला दक्षिणेच्या निधीचा आधार होता, आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज उभं राहिलं.

नानासाहेबांचा मृत्यू इथेच झाला का?

हो. २३ जून १७६१. पानिपत झालं १४ जानेवारीला. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले. नानासाहेब तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि माळव्यात भेलशाजवळ होते. तिथे त्यांच्या हाती सावकाराचं ते प्रसिद्ध पत्र पडलं. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा हिशेबाच्या भाषेत मेलेल्यांची बातमी देणारं. ते पुण्याला परतले ते खचूनच.

शनिवारवाडा असताना माणूस मरायला टेकडीवर का येतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडलाय. हवा चांगली म्हणून, देव जवळ म्हणून, ही उत्तरं आहेतच. पण कधी संध्याकाळी त्यांच्या स्मारकापाशी उभं राहून पाहा. त्यांनी आणलेलं पाणी, वसवलेल्या पेठा आणि बांधलेलं तळं हे सगळं एका नजरेत येत असणार. पानिपत मात्र इथून दिसत नव्हतं. आलं ते कागदावरून.

दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई खरंच इथून पाहिली?

हो, आणि हा प्रश्न विचारल्याशिवाय एकही पाहुणा खाली उतरलेला नाही.

तारीख ५ नोव्हेंबर १८१७. इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरच्या बंगल्यात राहायचा. वातावरण तापतंय हे बघून तो त्या दिवशी दुपारी नदी ओलांडून खडकीच्या आपल्या फौजेला जाऊन मिळाला. मागे बंगला पेटला, त्याची पुस्तकंही त्यात गेली. इंग्रजांची फौज तीन हजारांच्या आत, सेनापती कर्नल बर. मराठी फौज कितीतरी पट मोठी, सेनापती बापू गोखले. लढाई झाली गणेशखिंड आणि खडकीमधल्या माळावर, म्हणजे आज जिथे विद्यापीठ आणि त्यापलीकडचा भाग आहे तिकडे. पर्वतीपासून सरळ रेषेत सात-आठ किलोमीटर.

या दिवशी हजर असलेला ग्रँट डफ, ज्यानं पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो एक गोष्ट सांगतो. बाजीरावाचा ऐनवेळी धीर सुटला आणि त्यानं गोखल्यांना निरोप धाडला की पहिली तोफ आपल्या बाजूनं सुटता कामा नये. गोखल्यांना याचा अंदाज असावा. निरोप पोचण्याआधी त्यांनी तोफा सुरू केल्या. पुढे घोडदळ सुटलं. जरीपटका घेऊन मोरोपंत दीक्षित पुढे होते, ते पडले. इंग्रजांच्या डाव्या फळीसमोर दलदल होती, ती वरून दिसण्यासारखी नव्हती आणि घोड्यावरूनही दिसली नाही. घोडी रुतली, दौड मोडली. अंधार पडेपर्यंत खेळ संपला. इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून ८६, मराठ्यांकडचे सुमारे ५००.

आता तुम्ही तटाशी उभे राहून वायव्येकडे बघा. पावसाळ्यानंतरची स्वच्छ हवा, मध्ये एकही इमारत नाही, असं धरून चाला. धुरळा दिसेल. तोफेचा धूर आधी दिसेल आणि आवाज वीस-पंचवीस सेकंदांनी येईल. घोडदळाचा लोट दिसेल आणि तो एका ठिकाणी थबकलेला दिसेल. का थबकला, ते कळणार नाही. माझ्या मते त्या दिवशी पेशव्याला लढाई दिसली असं म्हणण्यापेक्षा लढाईचा धूर दिसला म्हणणं रास्त. आमच्या शाळेत गुरुजी ‘बाजीराव दुर्बीण लावून बसला होता’ असं तुच्छतेनं सांगायचे. सेनापती रणात आणि राजा टेकडीवर, हे चित्र मराठी मनाला सोसत नाही. त्यात बाजीरावाची बाजू घ्यायची माझी इच्छा नाही, पण उंचावर उभं राहिलं की खालचं सगळं समजतं ही समजूत पर्वतीवर रोज खोटी ठरते. मला इथून माझ्या घराचं छप्पर दिसतं, घरात काय शिजतंय ते नाही.

१६ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूला पुन्हा चकमक झाली आणि बाजीरावानं पुणं सोडलं. १७ला शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला, चढवणारा बाळाजीपंत नातू. पर्वतीवर त्या दिवशी जे पुजारी असतील त्यांना तो इथून दिसला असणार.

ती खिडकी कुठली, जिथून त्यानं पाहिलं?

तटाच्या भिंतीतली एक कमानदार खिडकी दाखवतात. दाखवणारे तिला नमस्कार करायला सांगत नाहीत, एवढीच त्यांची टीका. जवळच बाजीरावानं सुरू केलेल्या वाड्याचे अवशेष आहेत. जुन्या वर्णनांत असं आहे की १८१७ सालीच त्यावर वीज पडली. इतका नेमका शकुन कादंबरीत आला असता तर आपणच नावं ठेवली असती.

पर्वती पहिल्यापासून सगळ्यांना खुली होती का?

नव्हती. आणि हा प्रश्न पाहुणे विचारत नाहीत, मीच काढतो.

पायऱ्या सरकारी रस्त्यासारख्या रुंद, पण माथ्यावरच्या दारातून अस्पृश्य मानलेल्या माणसांना आत जाता येत नव्हतं. पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी देवस्थानच्या पंचांकडे रीतसर मागणी केली. उत्तर आलं की मंदिर खासगी आहे. मग १३ ऑक्टोबर १९२९ला सत्याग्रह सुरू झाला. पुढारी शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज. कांबळे हे काही त्या दिवशी उगवलेले नव्हते. १९०८पासून त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवलं होतं, अर्ज-विनंत्यांची वीस-पंचवीस वर्षं त्यांच्या पाठीशी होती. सवर्णांतून सोबत आले त्यांत काकासाहेब गाडगीळ आणि एस. एम. जोशी होते. एसेम तेव्हा पंचविशीतही पोचले नव्हते. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला.

याच पायऱ्यांवरून तुकड्या चढल्या. वर दार बंद. आणि दगड पडले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह जानेवारी १९३०पर्यंत चालला, दार उघडलं नाही. दोनच महिन्यांत, २ मार्च १९३०ला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो जास्त मोठा आणि जास्त लांबला, त्यामुळे पर्वतीचं नाव पुस्तकांत एका ओळीत उरकतात. कायद्यानं देवळांची दारं उघडली ती १९४७च्या मुंबई प्रांताच्या मंदिर प्रवेश कायद्यानं.

वर आल्यावर पेशव्यांच्या पाट्या वाचत वाचत माणूस फिरतो. पानिपत आहे, खडकी आहे. मी पाहुण्याला अर्ध्या चढावर, जिथे सगळे दम खायला थांबतात तिथे, ही १९२९ची हकीकत सांगतो. एकदा नागपूरहून आलेले एक काका ऐकून काहीच बोलले नाहीत. पायताण काढून हातात घेतलं आणि उरलेल्या पायऱ्या अनवाणी चढले. देवळात मात्र गेले नाहीत. तटाशी उभे राहून बराच वेळ शहराकडे बघत बसले आणि खाली आल्यावर म्हणाले, ‘चहा पाजा.’

शनिवारवाड्याच्या सातव्या मजल्यावरून आळंदीचा कळस दिसायचा म्हणे. मग पर्वतीवरून का दिसत नाही?

शनिवारवाडा सात मजली होता आणि त्याच्या सगळ्यांत वरच्या गच्चीवरून, म्हणजे मेघडंबरीवरून, ज्ञानेश्वरांच्या देवळाचा कळस दिसे, असं परंपरेनं सांगतात. वाड्याचं भूमिपूजन १० जानेवारी १७३०चं आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ची. खर्च १६,११० रुपये, पै-पैचा हिशेब. १८२८च्या फेब्रुवारीत आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. आत उरली ती जोती आणि कारंजी. मेघडंबरीचा पडताळा घ्यायला आता मेघडंबरीच नाही.

आळंदी तिथून सरळ रेषेत अठराएक किलोमीटर, पर्वतीवरून वीसएक. पर्वती कुठल्याही वाड्यापेक्षा उंच आहे, तेव्हा उंचीची अडचण नाही. अडचण हवेची आणि मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतींची आहे. हिवाळ्यात सकाळी तर शहरावर राखाडी दुलई असते. कळस सोडा, लकडी पूल शोधावा लागतो.

पानशेतच्या पुरात लोक पर्वतीवर आले होते का?

आले होते. माझी आजी त्यांत होती. तेव्हा आम्ही नारायण पेठेत.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं नवं धरण फुटलं. ते पाणी १८७९च्या जुन्या खडकवासला धरणावर आलं आणि तेही फुटलं. दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. आजीनं तान्ह्या मामाला पाठीशी बांधलं, हाताला आई, आणि डोक्यावर काय, तर पुरणयंत्र. दागिने घरातच राहिले. पळताना हाताला जे लागलं ते उचललं, एवढंच तिचं म्हणणं. टेकडीवर कुणी कुणाला जात विचारत नव्हतं, पण पुरणयंत्र का आणलं हे मात्र सगळ्यांनी विचारलं, असं सांगून ती हसायची.

वरून काय दिसलं? तिच्या शब्दांत, ‘कौलं दिसत होती. कौलांच्या खाली पाणी, आणि पाण्यात दुसरी कौलं.’ पूर ओसरल्यावरही ‘पाणी आलं, पाणी आलं’ अशी हूल उठली आणि माणसं पुन्हा टेकड्यांकडे धावली. आजी दुसऱ्या वेळी निघाली नाही. पायऱ्या नको म्हणाली.

पर्वतीच्या अंगानंच मुठेचा उजवा कालवा जातो. २७ सप्टेंबर २०१८ला तो जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाचा परिसर पाण्यात गेला. आमच्या घरात गुडघाभर. कालवा कुणाच्या हयगयीनं फुटला यावर बरीच चर्चा झाली. आमचा फ्रीज मात्र कुणी दिला नाही. पुरणयंत्र माळ्यावर होतं, वाचलं.

आज वरून काय काय ओळखता येतं?

उत्तरेला तोंड करून उभे राहा. पायाशी हिरवा ठिपका म्हणजे सारसबाग, तिच्या शेजारी पेशवे पार्क, जवळच नेहरू स्टेडियमची वाटी. उजव्या हाताला स्वारगेट. २०२४मध्ये तिथवर मेट्रो आली, पण जमिनीखालून, त्यामुळे एवढा मोठा खर्च वरून दिसतच नाही. समोर पेठांचा गुंता. त्यात शनिवारवाडा शोधायचा तर आधी झाडं शोधा. डावीकडे वायव्येला हनुमान टेकडी, तिच्यामागे वेताळ टेकडी. पाठीमागे तळजईचं रान, ते पर्वतीला चिकटूनच आहे. नैर्ऋत्येला सिंहगड, आणि त्याच्यावरचा दूरदर्शनचा मनोरा. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस धुऊन गेल्यावर, आग्नेयेला पुरंदरही दिसतो.

टेकडीच्या उतारावर पत्र्यांची जी दाटी दिसते ती जनता वसाहत. पाहुणे तिथे फोटो काढताना कॅमेरा जरा वर उचलतात. मी त्यांना म्हणतो, राहू द्या फोटोत, पुणंच आहे ते.

कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांना चालतं का?

रूढी अशी की एरवी बायका दर्शन घेत नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राचा योग आला की त्या वेळेत घेतात, आणि त्या दिवशी रांग पार पायऱ्यांपर्यंत येते. माझी बहीण एकदा म्हणाली, ‘वर्षभर मी रोज चढते, आणि ह्यांना मुहूर्त लागतो.’ पर्वती सगळ्यांना खुली होती का, हा वरचा प्रश्न ज्यांनी वाचला त्यांना या उत्तरात माझं मत सापडेल.

कधी जावं? किती वेळ लागतो?

पहाटे साडेपाच-सहाला. स्वारगेटपासून चालत वीस-पंचवीस मिनिटांत पायथा, आणि दमानं गेलात तर पंधरा मिनिटांत माथा. त्या वेळी जी मंडळी भेटतात ती देवासाठी आलेली नसतात, फेऱ्यांसाठी आलेली असतात. कुणी पाच फेऱ्या करतो, कुणी दहा. हिमालयात जायचं ठरवलेली पोरं पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढतात. एक निवृत्त गृहस्थ दर फेरीला कठड्यावर एक खडा ठेवतात, म्हणजे हिशेब चुकत नाही. एकदा कुणा चावट पोरानं त्यातले दोन खडे उचलले आणि काकांनी त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त मारल्या. त्यांना नंतर सांगितलं तर म्हणाले, ‘तरीच भूक फार लागली.’

दुपारी जाऊ नका. काळा दगड तापतो.

चढायला काही वाटत नाही, उतरताना गुडघे भरून येतात. काय करावं?

सरळ उतरू नका. पायऱ्या रुंद आहेत त्याचा फायदा घ्या आणि नागमोडी उतरा, कठड्यापासून कठड्यापर्यंत. पावसाळ्यात मधली फरसबंदी शेवाळते, तेव्हा कडेकडेनं चाला. आणि खाली कैरी-काकडीवाली बसलेली असते, तिच्याकडे सुटे पैसे घेऊन जा.